वूकॉमर्स एपीआय : की बरोबर, सीक्रेट बरोबर, तरीही ४०१. कुठे बघू?

मसालेवाला_भाचा (धागाकर्ता)

सांगलीला मामांचा मसाल्यांचा धंदा आहे. त्याचं ऑनलाईन दुकान वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगिन) आहे आणि ते माझ्या गळ्यात. रोज पहाटे पायथनची एक स्क्रिप्ट चालते. रात्रभरात आलेल्या ऑर्डरी एपीआयवरून (प्रोग्रॅमने दुकानाशी बोलायचं दार) उचलते, कुरिअरची लेबलं काढते आणि मामांच्या एक्सेलमधून माल वजा करते. गेली दोनेक वर्षं कुणी हात लावला नव्हता, बिनतक्रार चालू होतं.

गेल्या आठवड्यात होस्टिंग बदललं. दुकान व्यवस्थित उघडतं, ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं, पैसे जमा होतात. पण स्क्रिप्टला दर वेळी ४०१ (म्हणजे ओळख पटली नाही) आणि खाली "सॉरी, यू कॅनॉट लिस्ट रिसोर्सेस". जुनी की काढून नवी केली, रीड/राईट परवानगी दिली. पोस्टमनमधूनही (एपीआय तपासायचं साधन) तेच. विनंती साधीच आहे: बेसिक ऑथ, युजरनेमच्या जागी कन्झ्युमर की, पासवर्डच्या जागी कन्झ्युमर सीक्रेट.

दोन प्रश्न. एक, हे नक्की कुठे अडलंय? दोन, प्रत्येक विनंतीबरोबर की आणि सीक्रेट पाठवत राहणं मुळात बरोबर आहे का, की ओऑथ (सहीने ओळख पटवायची पद्धत) वगैरे करायला हवं? सध्या मामा लेबलं हाताने लिहितायत आणि दर तासाला फोन करतायत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डोंबिवली_फास्ट

कॉपी करताना शेवटी स्पेस आली असेल. नव्वद टक्के वेळा तेच असतं.

मसालेवाला_भाचा

नाही हो, पहिलं तेच तपासलं. लांबीसुद्धा मोजली.

आबा_घाटावरचे

४०१ म्हटलं की मला आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलची खोली आठवते. तिथेही किल्ली असून आत जाता यायचं नाही, कारण आतून पार्टनर कडी लावून झोपलेला असायचा. असो. वाचतोय, चालू द्या.

पैलवान_पीएचपी

डोंबिवलीकर, स्पेस नाही. सीक्रेट चुकलं असतं तर वूकॉमर्स "कन्झ्युमर सीक्रेट इज इनव्हॅलिड" असं स्पष्ट सांगतं. "कॅनॉट लिस्ट रिसोर्सेस" याचा अर्थ त्याला विनंती करणारा कोण हेच कळलेलं नाही. एक तर ती की त्याच्या टेबलात नाही, नाही तर की त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. भाच्याने की नवी बनवली आहे, म्हणजे ती टेबलात असणारच. म्हणून मी म्हणेन की वाटेत गायब होतेय.

अजून एक खूण लक्षात ठेवा. वर्डप्रेसला माणूस ओळखता आला नाही तर ४०१ येतो. ओळखला, पण त्याला तेवढा अधिकार नाही, तर ४०३. वूकॉमर्सची प्रत्येक की कुठल्या तरी युजरला बांधलेली असते. उद्या त्या युजरला कुणी शॉप मॅनेजरवरून साधा कस्टमर केला तर की तीच राहून ४०३ यायला लागतो. तुझं तसं नाहीये.

माझा पहिला संशय हेडरवर, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या चिठ्ठीवर. अपाचीवर (वेब सर्व्हर) पीएचपी सीजीआय किंवा फास्टसीजीआयने चालत असेल तर ऑथोरायझेशन हेडर पीएचपीला न देण्याची अपाचीची जुनी सवय आहे. त्यावर उपाय म्हणजे एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये एक ओळ. आलेला ऑथोरायझेशन हेडर उचलून एचटीटीपी_ऑथोरायझेशन नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्या ही ओळ आपणहून घालतात, पण होस्टिंग बदलताना ती फाईल बहुतेकदा मागेच राहते.

खात्री करायची तर हेडर न पाठवता की आणि सीक्रेट लिंकमध्येच क्वेरी स्ट्रिंग म्हणून देऊन बघ. कन्झ्युमर_की आणि कन्झ्युमर_सीक्रेट असे दोन पॅरामीटर. ते चाललं तर हेडर खाल्ला जातोय हे नक्की. फक्त तपासण्यापुरतं कर, आणि एचटीटीपीएसवरच.

कोकणी_कर्सर

पैलवानांशी सहमत, पण त्याआधी रीडायरेक्ट बघा. नव्या होस्टिंगवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला पत्ता नसलेल्याकडे वळवला असेल आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच पत्ता असेल, तर विनंती आधी ३०१ (पत्ता बदललाय, तिकडे जा) खाते. मग कर्ल काय किंवा पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी काय, यजमान (पत्त्यातलं डोमेन) बदलला की ऑथोरायझेशन हेडर स्वतःहून काढून टाकतात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या कुणाला तुमची किल्ली कशाला द्यायची? पण समोर दिसतो तो नुसता ४०१. शिवाय ३०१ वर बरेच क्लायंट पोस्टचं गेट करून टाकतात. ऑर्डर अपडेट करायला जावं आणि ऑर्डरींची यादी परत यावी, हा प्रकार बघितलाय.

रीडायरेक्ट फॉलो करणं बंद करून एकदा चालवा. ३०१ दिसला तर पत्ता सुधारा, विषय संपला.

शिवारातला_कोडर

माझंही असंच झालं होतं. मी सरळ अशी लिंक वापरतो, बघा चालते का: [संपादित]

संपादक

शिवारातले, तुमच्या प्रतिसादातली लिंक काढली आहे. त्यात की आणि सीक्रेट दोन्ही अख्खे होते. आधी जाऊन ती की रद्द करा, मग पुढचं वाचा.

शिवारातला_कोडर

टेस्ट साईटची होती हो.

रात्रपाळी

"टेस्ट साईटची होती." टेस्ट साईटवर खऱ्या गिऱ्हाइकांचाच डेटाबेस उतरवलेला असतो हे आपल्या धंद्यातलं उघड गुपित आहे. :)

विषय निघालाच आहे तर क्वेरी स्ट्रिंगबद्दल. एचटीटीपीएसवर लिंकसुद्धा वाटेत झाकलेली असते, ते खरं. पण सर्व्हरवर पोचल्यावर अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ती पूर्ण लिंक उघड्यावर लिहिली जाते. मध्ये प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) असेल तर त्याच्याही लॉगमध्ये. ब्राउझरमध्ये टाकली तर हिस्टरीत. हेडर मात्र साधारणपणे लॉगमध्ये जात नाही. म्हणून पैलवानांनी "तपासण्यापुरतं" म्हटलंय ते ठळक अक्षरांत वाचा, आणि तपासून झालं की ती की फेकून द्या.

नीरजा_साडीघर

नमस्कार. मी पैठणीचं ऑनलाईन दुकान चालवते, तांत्रिक काही कळत नाही. आमचा डेव्हलपर परवा म्हणाला, "ताई, एक एपीआय की बनवून पाठवा व्हॉट्सअ‍ॅपवर." मी पाठवली. आता हे वाचून पोटात गोळा आलाय. ही की म्हणजे काय आणि ही सही वगैरे काय भानगड आहे, कुणी सोप्या मराठीत सांगेल का?

जुनं_खोड

नीरजाताई, घाबरू नका, पण वाचा.

वूकॉमर्सची की म्हणजे दोन लांबलचक अक्षरमाळा. एक सीके_ ने सुरू होते, ती तुमची ओळख. दुसरी सीएस_ ने, ते गुपित. दोन्ही ज्याच्याकडे आहेत तो, तुम्ही ज्या युजरच्या नावाने की काढली त्याच्या अधिकारात ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर, सगळं वाचू शकतो. राईट परवानगी दिली असेल तर भावही बदलू शकतो. म्हणून की बनवताना "रीड", "राईट" आणि "रीड/राईट" असे तीन पर्याय असतात. भाच्याच्या लेबलांच्या स्क्रिप्टला नुसतं रीड पुरेल. (भाच्या, वाचतोयस ना? एक्सेलमध्ये माल वजा करतोस, दुकानात नाही. मग राईट कशाला दिलंस?)

आता ते गुपित दाखवायचे दोन मार्ग. बेसिक ऑथमध्ये दोन्ही अक्षरमाळा मध्ये अपूर्णविराम (कोलन) घालून जोडायच्या, बेस६४ करायच्या आणि हेडरमध्ये पाठवायच्या. बेस६४ म्हणजे कूटलेखन नव्हे, ते कुणीही उलटवू शकतं. झाकायचं सगळं काम एचटीटीपीएस करतं. दुसरा मार्ग ओऑथ १.०ए. त्यात गुपित पाठवायचंच नाही, त्याने विनंतीवर सही करायची आणि फक्त सही पाठवायची. म्हणजे कुणाला तुमचं नेटबँकिंगचा पासवर्ड सांगण्याऐवजी चेक लिहून देणं. नाव, रक्कम, तारीख लिहून खाली सही. तो चेक हरवला तरी त्यातून दुसरा चेक तयार करता येत नाही.

सहीचं गणित एचमॅक, शा-२५६ वर (गुपित मिसळून मजकुराचा ठसा काढायची रीत). मजकूर असा बनतो: गेट की पोस्ट, मग पत्ता, मग सगळे पॅरामीटर वर्णक्रमाने लावून. त्यात तारखेच्या जागी टाइमस्टॅम्प, आणि चेक नंबराच्या जागी नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा यादृच्छिक शब्द. टाइमस्टॅम्प पंधरा मिनिटांपेक्षा इकडेतिकडे असेल तर वूकॉमर्स विनंती नाकारतं. नॉन्स पुन्हा आला तरी नाकारतं.

इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास होणारी चूक सांगतो. टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, आणि तेही यूटीसीने. कुणीतरी आधी भारतीय वेळ काढतो, तिलाच यूटीसी समजून सेकंद करतो, आणि आकडा बरोबर १९८०० ने जास्त येतो. साडेपाच तास. उत्तर येतं "इनव्हॅलिड टाइमस्टॅम्प" आणि माणूस सर्व्हरच्या घड्याळाला शिव्या घालतो.

दुसरी गंमत मराठीची. एपीआयवर "मसाला" शोधायचं आहे समजा. "म" यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट. लिंकमध्ये प्रत्येक बाइटला टक्का आणि दोन कॅरेक्टर, म्हणजे एका अक्षराचे नऊ कॅरेक्टर. सहीच्या मजकुरात पॅरामीटर पुन्हा एकदा एन्कोड होतात, तिथे प्रत्येक टक्क्याचा टक्का-पंचवीस होतो आणि नवाचे पंधरा होतात. ही दुसरी फेरी विसरली तर सही जुळत नाही. आणि गोची अशी की एखादा इंग्रजी शब्द शोधला तर जुळते, कारण साध्या रोमन अक्षरांना एन्कोड करावंच लागत नाही! आठवडाभर सगळं चालतं, मग कुणीतरी "हळद" शोधतं. स्पेसचंही तसंच: अधिक चिन्ह नाही, टक्का-वीस हवं.

आणि सहीची किल्ली म्हणजे नुसतं सीक्रेट नव्हे. सीक्रेटच्या शेवटी अँड चिन्ह जोडायचं. ओऑथमध्ये त्याच्यापुढे टोकनचं गुपित असतं, वूकॉमर्समध्ये टोकनच नाही, म्हणून नुसतं अँड लोंबकळत राहतं. जुन्या वूकॉमर्स एपीआयच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ते लागत नसे, त्यामुळे नेटवर अजून दोन्ही प्रकारची उदाहरणं सापडतात.

नीरजा_साडीघर

चेकवरून समजलं. सही गिचमिड का करायची ते आता कळलं! धन्यवाद काका. की रद्द केली, नवी फक्त "रीड"ची काढली. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही पाठवली, फोनवर एकेक अक्षर सांगितलं. डेव्हलपर रडकुंडीला आला.

आबा_घाटावरचे

एकेक अक्षर!! सीक्रेट सीएस_ धरून ४३ कॅरेक्टरचं असतं. ताई, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

रात्रपाळी

> त्यात गुपित पाठवायचंच नाही, त्याने विनंतीवर सही करायची आणि फक्त सही पाठवायची.

खोड काका, प्रतिसाद उत्तम, पण यावरून कुणी "मग एचटीटीपीएस नसलं तरी ओऑथने भागेल" असा अर्थ काढेल. वूकॉमर्सने तो मार्ग एचटीटीपीवाल्यांसाठीच ठेवलाय, म्हणून बोलतो. ओऑथ १.० चं आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) ५८४९ एप्रिल २०१० चं आहे. त्यात सहीमध्ये पत्ता आणि पॅरामीटर येतात, बॉडी (विनंतीतला मुख्य मजकूर) फक्त फॉर्म पद्धतीची असेल तरच येते. आपण पाठवतो जेसन, म्हणजे वेगळ्या मांडणीचा मजकूर. जेसन बॉडीवर सहीच नसते! तुमच्याच उदाहरणात, सही खरी पण रक्कम कोरी. मधला माणूस विनंती अडवून पैठणीचा भाव २५ हजारांचा अडीचशे करून पुढे ढकलेल, आणि वूकॉमर्स "सही बरोबर" म्हणून घेईल. ऑर्डरी वाचणाऱ्याला तर काही बदलायचीही गरज नाही, उत्तर उघडंच येतंय: नावं, पत्ते, फोन.

म्हणून भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: एचटीटीपीएस आहे ना? मग बेसिक ऑथ पुरे. सही करत बसू नकोस. की मर्यादित ठेव, अधूनमधून बदल.

जुनं_खोड

जेसनचा मुद्दा मान्य, एकशे एक टक्के. पण "पुरे" मान्य नाही. बेसिकमध्ये गुपित रोज प्रवास करतं. मधल्या एखाद्या प्रॉक्सीने डीबगसाठी हेडर लॉग करायला सुरुवात केली की गेलं. सहीमध्ये निदान तेवढं तरी वाचतं.

रात्रपाळी

प्रॉक्सी हेडर लॉग करत असेल तर माझी नोकरी आधी जाईल. :) पण असहमतीशी सहमत.

बे_एरियातली_मावशी

अवांतर: हा वाद मोठमोठ्यांनीही घातलाय आणि उलटसुलट निकाल दिलेत. अ‍ॅमेझॉनच्या सेलिंग पार्टनर एपीआयला आधी टोकन तर लागायचंच, वर प्रत्येक विनंतीवर एडब्ल्यूएसची सिग्नेचर व्हर्जन ४ करावी लागायची. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराचे पहिले दिवस त्यातच जायचे. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी सहीची अट काढली, आता तासाभराचं टोकन हेडरमध्ये दिलं की झालं. मॅजेंटो (दुसरं दुकानाचं सॉफ्टवेअर) नेमकं उलट्या दिशेने गेलं. २.४.४ पासून इंटिग्रेशनचं टोकन नुसतं बेअरर म्हणून (सही न करता) दाखवलेलं मूळ सेटिंगमध्ये चालत नाही, ओऑथ १.०ए ची सही करा म्हणतात (सेटिंग बदलून जुनं चालू करता येतं). शॉपिफायमध्ये एक्स-शॉपिफाय-अ‍ॅक्सेस-टोकन हेडर, आणि टोकनला कुठलं दालन उघडायचं ते बारीक वाटून दिलेलं: ऑर्डरी वाचणं वेगळं, माल लिहिणं वेगळं. मला तरी तेच जास्त मोलाचं वाटतं. वूकॉमर्समध्ये रीड म्हणजे सगळंच रीड. लेबल काढणाऱ्या स्क्रिप्टला कूपनं आणि विक्रीचे अहवालही दिसतात.

कोकणी_कर्सर

मावशी, शेवटचं वाक्य सोन्याचं.

बाकी धागाकर्ता कुठे गेला? मामांनी लेबलं लिहायला बसवलं वाटतं.

मसालेवाला_भाचा

बसवलंच होतं. :( वाचतोय सगळं. की आता फक्त रीडची केली.

तपासणी: रीडायरेक्ट नाही, थेट ४०१. पैलवान, क्वेरी स्ट्रिंगने करून बघितलं, तिथेही तोच ४०१ आणि तेच वाक्य! म्हणजे हेडरचा प्रश्न नाही? वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, मग रेस्ट एपीआय, तिथे नव्या कीसमोर "लास्ट अ‍ॅक्सेस : अननोन" दिसतंय. आणि खोड काकांचं वाचून गंमत म्हणून ओऑथवाली सही करून बघितली, तर ऑर्डरी आल्या! आता मला काहीच कळेनासं झालंय.

पैलवान_पीएचपी

सापडलं! तुला कळेनासं झालं, मला आत्ता कळलं.

वूकॉमर्स आधी वर्डप्रेसला विचारतं, ही विनंती एसएसएलवर (म्हणजे एचटीटीपीएसवर) आली का? तो प्रश्न विचारणारं फंक्शन इज_एसएसएल. उत्तर "हो" आलं तरच ते बेसिक ऑथकडे बघतं, हेडरमधलं असो वा क्वेरी स्ट्रिंगमधलं. "नाही" आलं तर की-सीक्रेटकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ ओऑथची सही शोधायला जातं. सही नसली तर अनोळखी माणूस, ४०१. चूक म्हणूनही सांगत नाही, कारण त्याच्या मते तू काही दाखवलंच नाहीस. तुझी तिन्ही लक्षणं यात बसतात. हेडर नापास, क्वेरी स्ट्रिंग नापास, ओऑथ पास. नुसता हेडर खाल्ला जात असता तर क्वेरी स्ट्रिंग चालली असती.

मग ब्राउझरमध्ये कुलूप कसं? नव्या होस्टिंगने पुढे प्रॉक्सी ठेवलाय. एचटीटीपीएस तिथेच संपतं आणि आतल्या सर्व्हरकडे साधं एचटीटीपी ८० पोर्टवर जातं. इज_एसएसएल बिचारं दोनच गोष्टी बघतं: सर्व्हरच्या माहितीत एचटीटीपीएस "ऑन" आहे का, किंवा पोर्ट ४४३ आहे का. आतल्या सर्व्हरला दोन्ही दिसत नाहीत.

उपाय: प्रॉक्सी मूळ विनंती कशावर आली ते एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरमध्ये पाठवतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईलमध्ये, अगदी शेवटी डब्ल्यूपी-सेटिंग्ज बोलावणारी ओळ आहे तिच्या *वर*, एक अट लिही: तो हेडर आला असेल आणि त्यात एचटीटीपीएस असेल तर सर्व्हर अ‍ॅरेतल्या एचटीटीपीएसला "ऑन" कर. खाली लिहिलंस तर उपयोग शून्य, तोवर वर्डप्रेस उठून बसलेलं असतं.

आधी होस्टिंगवाल्यांना विचारून घे की ते हा हेडर पाठवतात का.

डोंबिवली_फास्ट

म्हणजे स्पेस नव्हती. ओके. :D

रात्रपाळी

पैलवान, निदान फर्मास. पण ती ओळ लिहिण्याआधी दोन गोष्टी, नाहीतर आपण वर्डप्रेसला फसवायला शिकवतोय.

एक, तो हेडर कुणीही पाठवू शकतं. आतल्या सर्व्हरचा आयपी बाहेरून थेट उघडत असेल तर मी साध्या एचटीटीपीवर "एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो : एचटीटीपीएस" असं स्वतःच लिहून पाठवेन आणि वर्डप्रेस मान डोलावेल. म्हणून आतला सर्व्हर फक्त प्रॉक्सीकडूनच विनंत्या घेतो ना, ते बघा.

दोन, प्रॉक्सी ते सर्व्हर हा टप्पा कुठून जातो? एकाच मशीनवर किंवा होस्टिंगच्या खासगी नेटवर्कात असेल तर ठीक. पण क्लाऊडफ्लेअरच्या फ्लेक्झिबल मोडसारखी रचना असेल, म्हणजे गिऱ्हाईक ते क्लाऊडफ्लेअर झाकलेलं आणि तिथून पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत इंटरनेटवरून उघडं, तर ही ओळ लिहून तुम्ही सीक्रेट इंटरनेटवर मोकळं सोडताय. तिथे वर्डप्रेस "नाही" म्हणत होतं ते खरंच बोलत होतं. तसं असेल तर सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, आणि मोड फुल स्ट्रिक्ट करा.

पैलवान_पीएचपी

मान्य. मी घाईत उपाय दिला, हे आधी यायला हवं. भाच्या, तसं विचार त्यांना.

नीरजा_साडीघर

मध्येच विचारते. डेव्हलपर म्हणतो मोबाईल अ‍ॅप बनवू आणि ही की अ‍ॅपमध्ये घालू. हे बरोबर आहे का? की आता रीडचीच आहे.

रात्रपाळी

नाही नाही नाही.

बे_एरियातली_मावशी

नीरजा, अ‍ॅप गिऱ्हाइकाच्या फोनवर असतं. एपीके (अ‍ॅपची फाईल) उघडून आतले शब्द वाचायची साधनं फुकट मिळतात, कॉलेजची मुलं करतात. त्यात तुझी की सापडली की "रीड" असूनही सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, नंबर त्याच्या हातात. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा तुमच्याकडे आहेच, आणि डेटा नीट न सांभाळल्याबद्दल त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी ठेवलीय. तुला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवशील?

दुकान दाखवणं, टोपलीत टाकणं, पैसे भरणं एवढ्यासाठी वूकॉमर्सचा स्टोअर एपीआय वेगळा आहे. त्याला की लागत नाही, आणि तो गिऱ्हाइकाला त्याच्या स्वतःच्या टोपलीपलीकडचं काही दाखवत नाही. डेव्हलपरला तो वापरायला सांग. त्याला माहीत नसेल तर डेव्हलपर बदल.

आबा_घाटावरचे

डेव्हलपर आधीच ४३ अक्षरं लिहून थकलाय, आता अ‍ॅपही पुन्हा लिहायचं. अरेरे.

मसालेवाला_भाचा

अपडेट. होस्टिंगवाल्यांशी बोललो. पहिल्या माणसाने "कॅशे क्लिअर करा" सांगितलं, दुसऱ्यानेही. तिसरी बाई मात्र हुशार निघाली. हो, पुढे एनजिनएक्सचा प्रॉक्सी आहे, आतलं नेटवर्क खासगी, बाहेरून आतला आयपी उघडत नाही (मी घरून तपासलं, खरंच नाही उघडत), आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो ते स्वतः लिहितात, बाहेरून आलेला पुसून टाकतात. मग डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ती अट घातली. पहिल्याच झटक्यात २०० (म्हणजे सगळं ठीक)! कीसमोर "लास्ट अ‍ॅक्सेस" मध्ये आजची तारीख आली. ओऑथवाला कोड काढून टाकला, बेसिकच ठेवतोय. खोड काका रागावू नका.

पैलवान, रात्रपाळी, पुढच्या वेळी सांगलीला आलात की कांदा-लसूण मसाला माझ्याकडून.

जुनं_खोड

रागावतो कशाला, चालतंय ना? पण सीक्रेट स्क्रिप्टच्या आत लिहून ठेवू नकोस, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेव. वूकॉमर्स आपल्या टेबलात कन्झ्युमर कीचा फक्त हॅश (उलटवता न येणारा ठसा) ठेवतं, ओळखायला शेवटची सात अक्षरं तेवढी वेगळी. सीक्रेट मात्र जसंच्या तसं ठेवतं, कारण सही पडताळायला त्याला ते लागतं. म्हणजे डेटाबेसचा बॅकअपही सांभाळून. होस्टिंग बदलताना जो डम्प काढला होतास तो कुठे पडलाय बघ.

कोकणी_कर्सर

भाच्या, आता एवढं झालंय तर पहाटे एकदा सगळं उचलण्याऐवजी वेबहुक का लावत नाहीस? ऑर्डर आली की दुकानच तुझ्या स्क्रिप्टला कळवेल.

मसालेवाला_भाचा

विचार आला होता. पण मग माझ्या पत्त्यावर कुणीही खोटी ऑर्डर टाकेल ना? तिथे ओळख कशी पटवायची?

कोकणी_कर्सर

तिथेही सहीच, फक्त आता पडताळणारा तू. वेबहुक बनवताना एक वेगळं सीक्रेट द्यायचं. वूकॉमर्स अख्ख्या बॉडीचा एचमॅक शा-२५६ काढून, बेस६४ करून, एक्स-डब्ल्यूसी-वेबहुक-सिग्नेचर हेडरमध्ये पाठवतं. म्हणजे रात्रपाळींनी वर मांडलेलं जेसनचं दुखणं इथे नाही, इथे बॉडीवरच सही आहे.

फक्त पडताळणी आलेल्या कच्च्या बाइटांवर कर. जेसन आधी उघडलास आणि पुन्हा बांधून त्यावर हिशेब केलास तर जुळणार नाही. पीएचपी लिंकमधल्या प्रत्येक तिरक्या रेघेआधी उलटी रेघ टाकतं, पायथन टाकत नाही. ऑर्डरीच्या जेसनमध्ये लिंका असतातच. डोळ्याला सगळं सारखं, सही वेगळी. आणि तुलना साध्या दोन बरोबरच्या चिन्हांनी करू नकोस, पायथनच्या एचमॅक मॉड्यूलमध्ये कम्पेअर_डायजेस्ट आहे ते वापर, ते किती अक्षरं जुळली यावर वेळ कमीजास्त घेत नाही.

तुझा सर्व्हर बंद असेल तर सलग पाचाच्या वर वेळा पोचवणी फसली की वूकॉमर्स वेबहुक आपोआप बंद करतं. म्हणून पहाटेची स्क्रिप्ट राहू दे, राहून गेलेल्या ऑर्डरी तीच उचलेल.

डोंबिवली_फास्ट

वाखु (वाचनखूण) साठवली. बाय द वे, आमच्या ऑफिसात आज ४०१ आला होता. स्पेस होती.